उरल्या शिट्ट्या

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला विचारतंय कोण? वेळ मोजायची ती कुकरच्या शिट्ट्यांवर. भाताला किती, तुरीच्या डाळीला किती, हरभरा भिजवलेला असेल तर किती, हे बायकांच्या अंगात मुरलेलं. शेजारून हाक यायची, "अगं, तीन झाल्या, बंद कर की!" आणि आमची आई हातातलं पीठ तसंच ठेवून धावायची, कारण कुकर कुणाचाही असला तरी शिट्ट्या सगळ्या गल्लीच्या असायच्या. आंघोळीला गेलेलं माणूससुद्धा आतून ओरडून सांगायचं की आता पुरे. आणि मधेच लाईट गेली, गॅस संपला, चूल विझली, तरी कुणाचं काही अडायचं नाही. झालेल्या शिट्ट्या लक्षात ठेवायच्या आणि नंतर उरल्या तेवढ्या काढून घ्यायच्या. डाळ शिजायचीच. या हिशेबात काही चूक असू शकते, असं मलाही तोवर कधी वाटलं नव्हतं.

घाटनांदूरच्या पलीकडे, रेल्वेचा आवाज ऐकू येतो पण गाडी दिसत नाही इतक्या अंतरावर आमचं गाव. घरात आम्ही चौघं. आई, माझा थोरला भाऊ म्हणजे दादा, त्याची बायको सोनाली वहिनी, आणि मी. वडील माझ्या शाळेच्या वयातच गेले; ते सगळं वेगळं आहे, इथे नको. जमीन होती, पण ती पावसाच्या मर्जीवर, म्हणून दिवाळीच्या आगेमागे अर्धं गाव ऊसतोडीला निघायचं तसे आमच्याकडचेही निघायचे. आईनं कितीतरी हंगाम ऊस तोडला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढताना एकदा पाय घसरला आणि तिची कंबर कायमची गेली. तेव्हापासून ती बसताना आधी भिंत धरते, मग देवाचं नाव घेते. तिचं जाणं थांबलं. मी मात्र अंबाजोगाईला कॉलेजात होते, सायन्सच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात राहत होते आणि शनिवारी घरी येत होते. आई गावभर सांगत फिरायची, "हिच्या हातात कोयता न्हाई देणार मी." मला त्याची लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. बायको नसली तर बहीण चालते, पण एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम टोळीत उभा करत नाही. दादाचं लग्न उन्हाळ्यात झालं तेव्हाच ठरून गेलं होतं की या हंगामाला तो आणि वहिनी जाणार. मुकादमाला तसा शब्दही गेला होता. वहिनी आष्टीकडची. लहानपणी आईबापाच्या मागं फडात हिंडलेली, उसाच्या वाळल्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपडीत म्हणजे कोपीत वाढलेली, त्यामुळे तिला त्या सगळ्याचं नवल नव्हतं. बोलायची कमी. हसली तर तोंडावर पदर धरायची आणि पदराआडून जास्तच हसायची.

तिच्या रुखवतात दोन वस्तू अशा आल्या होत्या की त्या बघायला बायका मुद्दाम यायच्या. एक इंडक्शनची शेगडी आणि दुसरा तिच्यावर चालणारा स्टीलचा भला थोरला कुकर. जाळ नाही, धूर नाही, नुसती काळी काच, आणि तिच्यावर पाणी उकळतंय. आईनं पहिल्याच दिवशी आमचा जुना जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, कुकर तिच्यावर ठेवला. शेगडी टीं टीं ओरडली, काहीतरी इंग्रजी अक्षर दाखवलं आणि बंद पडली. परत ठेवला, परत तेच. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हिला सासरचं भांडं चालत न्हाई जणू. लई माहेरची!" वहिनी पदराआडून हसून हसून बेजार झाली. जर्मनचं भांडं तिच्यावर तापतच नाही, हे मी नंतर समजावून सांगितलं, पण आईचंच कारण घरात टिकलं.

पावसाळा सरता सरता वहिनीला दिवस गेल्याचं कळलं. आनंद झाला आणि त्याच्या मागोमाग काळजी आली, कारण तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. तव्यावरच्या भाकरीचा वास आला की ती उठून बाहेर पळायची. ठेचा, चटणी, लसूण, सगळ्याची शिसारी. आईच्या हातची मोड आलेल्या मटकीची पातळ आमटी आणि मटणाचा रस्सा, एवढंच तिच्या पोटात राहायचं. आता फडात काय असतं खायला? पहाटे अंधारात उठून भाकरी थापायच्या, ठेच्याबरोबर बांधून न्यायच्या, दिवसभर त्याच खायच्या. आष्टीहून विहीणबाई आल्या, लेकीचा उतरलेला चेहरा बघितला आणि आईला म्हणाल्या, "आक्का, तोडीला जाऊ द्या, आमी काय नको म्हणत न्हाई. पर पोरगी उपाशी मरंल तिथं." आई पटकन बोलून गेली, "तिच्या खायाचं माज्यावर सोडा तुमी."

बोलून गेली खरी. आता करायचं काय? सांडगे, कुरडया, वाळवलेल्या भाज्या, खारवलेलं मटण, हे आमच्याकडचं टिकाऊ. त्यातलं काहीच वहिनीला चालत नव्हतं. अशात आईला दादाच्या मोबाईलवर एक बाई सापडली. परदेशातली, म्हातारी, अंगावर फुलाफुलांचा ॲप्रन, आणि समोर काचेच्या बरण्या. ती बरणीत मटण भरायची, शेंगा भरायची, वर पाणी घालून झाकण लावायची आणि त्या बरण्या एका मोठ्या कुकरात उभ्या करून शिजवायची. म्हणे वर्षभर टिकतं, ना फ्रीज लागतो ना मीठ. आईला तिचं एक अक्षरही कळत नव्हतं, तरी ती तासन् तास बघत बसायची. दादा चिडवायचा, "आई, तुजी मैत्रीण आली का आज?" आणि मी शनिवारी आले की मला समोर बसवायचं, "ही बाई काय म्हणती ते सांग." माझं इंग्रजी तेव्हा यथातथाच, पण तीच तीच वाक्यं ऐकून मला त्या बाईचं सगळं पाठ झालं.

तिच्या कुकरला दाब दाखवणारा काटा होता. आमच्याकडे शिट्टी. तेवढ्यावर भागवायचं ठरवून आम्ही कामाला लागलो. आज मला विचाराल तर स्वयंपाकाच्या कुकरात असला उद्योग कुणी करू नये असंच सांगेन. तेव्हा एवढी अक्कल नव्हती आणि गरज मोठी होती. दादानं बाजारातून मधाच्या असतात तसल्या जाड काचेच्या बरण्या आणि नवी झाकणं आणली. पहिल्या खेपेला बरणी थेट बुडावर ठेवली, ती आत फुटली आणि मटकी कुकरभर झाली. मग खाली जाळी ठेवायला शिकलो. आधी शिट्टी न लावता वाफ मोकळी सोडायची, मग शिट्टी बसवायची, आणि मग शेगडीचा आकडा एवढाच ठेवायचा की शिट्टी नुसती डुलत राहील, वाजणार नाही. हे शेवटचं फार नाकी नऊ आणणारं. आकडा कमी केला की ती शेगडी थोडा वेळ घूं करते, थोडा वेळ गप्प बसते. शिट्टीही तिच्याबरोबर उठते, बसते. नेमका आकडा सापडेपर्यंत आम्ही तिघी तिच्यासमोर मांडी घालून बसलो.

आईला सगळ्यात जड गेलं ते घड्याळ. "शिट्टी न वाजता शिजलंय हे कळायचं कसं?"

"वेळ बघायची आई. ती सांगते तेवढा पूर्ण वेळ."

"म्हंजी शिट्ट्या किती?"

"शिट्ट्या मोजायच्याच नाहीत."

"कावून?"

मी सांगितलं. मटणात, मटकीत असे जंतू असतात की नुसत्या उकळीनं मरत नाहीत. बंद बरणीत हवा नसली की तेच उलट वाढतात, आणि त्यांचं विष ना वासाला कळतं ना चवीला. माणूस हसत हसत खातं आणि जातं. आईनं ऐकून घेतलं, पण तिचा चेहरा सांगत होता की वासाला कळत नाही असलं विष तिच्या नाकानं अजून मान्य केलेलं नाही. तिचं नाक गावात नावाजलेलं होतं. दूध नासायच्या आधी सांगायची.

मटकीच्या बरण्या साधल्या. गार होताना एकेक झाकण टक्क करून आत ओढलं जायचं आणि प्रत्येक टक्कला आई "हां!" म्हणायची. आम्ही त्या मुद्दाम बरेच दिवस ठेवल्या, मग एक फोडून चांगली उकळली आणि खाल्ली. वहिनीनं दोन वाट्या घेतल्या आणि पोटात ठेवल्या. त्या दिवशी आई इतकी खूश होती की तिनं बोळातल्या बायकांना बोलावून रिकामी बरणी दाखवली. मटकी अशी खपली. आता जायच्या आठवड्यात मटणाच्या आणि मटकीच्या भरपूर बरण्या करायच्या ठरल्या. मला एक गोष्ट स्वच्छ कळत होती, आणि कुणी बोलत नसलं तरी सगळ्यांना कळत होती. बरण्या झाल्या तर वहिनी जाईल. नाही झाल्या तर आई तिला पाठवणार नाही, आणि मग दादाचा कोयता पुरा करायला घरात दुसरी धडधाकट बाई एकच होती. माझं वर्ष, माझं कॉलेज, सगळं त्या झाकणांच्या टक्कवर टांगलेलं होतं. मी वसतिगृहात पुस्तक उघडून बसायचे आणि मनात बरण्या मोजायचे.

शनिवारी घरी आले. रविवारी सकाळी ट्रॅक्टर येणार होता. दारात दादा गाठोडी बांधत होता, आणि आत फळीवर बरण्या मांडल्या होत्या. काय सुंदर दिसत होत्या! तळाशी मटण, वर लाल तवंग, झाकणं खाली बसलेली, काच पुसून लख्ख. वहिनी त्यांना कापडात गुंडाळत होती. मला इतकं हलकं वाटलं की मी पिशवी न उतरवताच आईच्या गळ्यात पडले.

"बघ," आई म्हणाली, "तुज्याबिगर केलं समदं. बुधवारी करून मोकळी झाले. अन् काय सांगू, लाईटीनं लई छळलं बघ. एका खेपेला निम्म्यात गेली."

"गेली? मग?"

"मग काय. आली दोन-अडीच तासानं. तवर कुकर गारढोण. मंग बटन दाबलं आन उरलेला टाईम पुरा केला. तू म्हनली तसंच, घड्याळ लावून. शिट्ट्या न्हाई मोजल्या म्या."

ती माझ्याकडे शाबासकीसाठी बघत होती. त्या परदेशी बाईचं एक वाक्य मला पाठ होतं, मी आईला ते सांगितलंही होतं, पण सांगितलं तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नसणार: दाब मधेच उतरला तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायची. आईनं घड्याळ वापरलं, पण वापरलं ते शिट्ट्यांसारखं. झालेलं धरलं आणि उरलेलं पुरं केलं. तिच्या आईनं केलं असतं, शेजारणीनं केलं असतं, गल्लीतल्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं.

"गॅसवर का नाही ठेवला?" मी विचारलं.

"गॅस संपलाय कवाच. आन चुलीवर ठिवते का? तिच्या माहेरचा कुकर काळा करू व्हय?"

मी पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर मला बोलणं जमलं नसतं. हे कुणी खायचं नाही. एकही बरणी नाही, कारण कुठली कुठल्या खेपेतली हे आता ओळखू येणार नाही.

दादा आत आला. "काय झालं?" त्याला परत सांगितलं. तो तडकला. "तुजं कालेज सुरू झाल्यापासून घरात नुसतं भ्याच घालतीस तू. झाकणं बघ की, बसल्यात का न्हाई?"

"झाकणं बसतातच दादा. त्यानं काही कळत नाही."

आईनं एक बरणी उचलली, चमच्याची दांडी घालून झाकण उचकलं आणि नाकाशी धरली. घरभर मसाल्याचा वास सुटला. "घे, वास घे," ती माझ्याकडे बरणी ढकलत म्हणाली. "काय हाय ह्याला? सांग. मीच खाते आदी. मला काय झालं न्हाई तर मंग बोल." आणि तिनं खरंच त्यात बोट बुडवलं. मी तिचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आईचा हात असा जोरानं धरला होता. पाणी आणून तिचं बोट साबणानं धुतलं. ती धुऊ देत होती, पण डोळे बरणीवरच होते.

"एक चांगली असेल आई. दुसरी नसेल. कुठली, ते कुणाला सांगता येणार नाही."

दादाला वाट दिसली. "मंग उकळून खाईल ती. तूच म्हनतीस ना, उकळलं की इष मरतं?"

खरं होतं ते. जंतू उकळीनं मरत नाहीत, पण त्यांचं विष मरतं, चांगली दहा मिनिटं खळखळ उकळलं तर. मी ते नाकारलं नाही. मी म्हटलं, "उकळलं तर चालतं म्हणतात. पण रोज, दर वेळी, पुरतं उकळायला हवं." आणि आईकडे बघितलं.

आई बरणीकडे बघत बसली होती. बाहेर शेजारच्या घरात कुकर वाजत होता. मग ती दादाला म्हणाली, पण आवाज बदलला होता, "न्हाई उकळायची रं ती."

"कावून न्हाई? सांगू की तिला."

"सांगून काय हुतंय? म्या काय कमी हंगाम काढले व्हय? दिसभर मोळ्या वाहून बाई येती. तीन दगडावर वलं पाचट पेटत न्हाई. डोळ्यात धूर. भांड्याला बोट लावायचं, जरा कोमट लागलं की म्हनायचं झालं गरम, आन खाऊन पडायचं. म्या कवाच न्हाई उकळलं काही. ही बी न्हाई उकळायची." तिनं झाकण परत बरणीवर ठेवलं. "दोन जीवाची हाय ती."

वहिनी दाराशी कापडात गुंडाळलेली बरणी छातीशी धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, उकळीन की मी." आई तिच्याकडे वळली आणि मायेनं म्हणाली, "आण ती हिकडं."

घरामागं दादानं खड्डा खणला. रागारागानं खणला, गरज होती त्याच्या दुप्पट खोल. आई भिंत धरून खाली बसली, तोंडाला पदर बांधला आणि एकेक बरणी उघडून ओतत गेली. किती निगुतीनं तिनं ते मटण तुकडे करून भरलं असेल! वासानं गल्लीतली कुत्री जमली. एरवी पहिली भाकरी कुत्र्याला घालणारी आमची आई त्यांना दगड मारत होती आणि रडत होती. मी कधी तिला रडताना बघितलं नव्हतं, वडील गेले तेव्हाही नाही. वरून चुना टाकला, माती लोटली, दादानं पायानं दाबून दाबून बसवली.

मग तो खोरं टेकवून उभा राहिला आणि ज्याची मी वाट बघत होते तेच बोलला. "आन उद्या? मुकादमाला काय तोंड दाखवू? अर्धा कोयता कोन घेतंय?"

आई म्हणाली, "सोनीला न्हाई धाडायची मी."

"मंग कोन? तू येतीस का?"

आईनं कमरेला हात लावला. वहिनी खाली मातीकडे बघत होती. तिघांपैकी कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मला भयंकर राग आला होता. त्या लाईटीचा, त्या परदेशी बाईचा, माझ्याच तोंडाचा. गप्प राहिले असते तर वहिनी उद्या गेली असती आणि मी सोमवारी कॉलेजात असते. पण गप्प राहण्यासारखं काही नव्हतंच ते, हे तेव्हाही माहीत होतं आणि आज इतक्या वर्षांनीही त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पश्चात्ताप नाही. फक्त त्यानंतरचा तो थोडा वेळ तेवढा अजून माझ्या अंगावर येतो.

मी म्हटलं, "मी जाते."

म्हटलं आणि आईकडे बघत राहिले. तिनं एवढंच म्हणायला हवं होतं, 'तू गप बस, तुला कुनी इचारलंय?' तिनं म्हटलं असतं तरी कदाचित मी गेलेच असते. दुसरा इलाज काय होता? पण तिनं ते म्हणावं म्हणून मी उभी होते. गावभर जे सांगत फिरली ते एकदा, माझ्यासमोर, माझ्यासाठी म्हणावं. दादानं खोरं उचललं. वहिनी आत गेली.

आई रांजणापाशी हात धूत होती. आधी साबणानं, मग राखेनं, मग परत साबणानं. पाणी ओतता ओतता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "चपलीवर जाऊ नगं बाई. उसाची खुटं लई वाईट, तळपायात शिरत्यात. दादाचे जुने बूट हायेत माळ्यावर, ते काढ. मोठं हुतील तुला. म्होरं चिंधी घाल."

मी माळ्याला शिडी लावली.